घरच्यांसाठी खासगी ट्रस्ट: ट्रस्ट डीड कसं करायचं आणि लाभार्थी कसा नेमायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इथली उत्तरं फक्त खासगी ट्रस्टबद्दल आहेत. म्हणजे मुलं, नातवंडं, जोडीदार, आईवडील अशा ठरावीक माणसांच्या भल्यासाठी केलेला ट्रस्ट. त्याला भारतीय न्यास अधिनियम, 1882 लागू होतो. मिळकत महाराष्ट्रात आहे असं धरलं आहे.

ट्रस्ट म्हटलं की धर्मादाय आयुक्त आठवतात. घरच्या ट्रस्टची नोंदणीही तिथेच करायची का?

नाही. धर्मादाय आयुक्तांकडे जातो तो सार्वजनिक ट्रस्ट: देऊळ, शाळा, दवाखाना, गरजूंना मदत. त्याचा कायदा वेगळा, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950. तुमचे लाभार्थी बोट दाखवून सांगता येतील अशी माणसं असतील, तर तो खासगी ट्रस्ट. त्याची नोंदणी लागलीच तर दुय्यम निबंधकाकडे, एखाद्या दस्तासारखी. दोन्ही हेतू एकाच डीडमध्ये कोंबू नका. ‘कुटुंबाचं कल्याण आणि गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती’ असं एकत्र लिहिलं की दोन्ही कायद्यांचे प्रश्न अंगावर येतात.

यात नेमकं कोण कोण असतं?

मिळकत देणारा तो न्यासकर्ता, ज्याला वकील मंडळी सेटलर म्हणतात. ती सांभाळणारा ट्रस्टी. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती व्यक्ती म्हणजे लाभार्थी. एकच माणूस दोन भूमिकांत असू शकतो. वडील स्वतः न्यासकर्तेही आणि ट्रस्टीही, हे सर्रास चालतं. ट्रस्टी लाभार्थ्यांपैकी एक असला तरी चालतं. फक्त एकटा ट्रस्टी तोच आणि एकटा लाभार्थीही तोच, असं झालं तर ट्रस्ट उरतच नाही. स्वतःची वस्तू स्वतःसाठी सांभाळायला डीड कशाला?

मृत्युपत्र केलेलं आहे. मग ट्रस्ट हवाच का?

बऱ्याच घरांना नको असतो. मुलं मोठी आहेत, समजूतदार आहेत, मिळकत साधी आहे, तर नीट लिहिलेलं मृत्युपत्र पुरतं. ट्रस्टचा खर्च आणि दरवर्षीचा हिशेब मागे लावून घेण्यात अर्थ नाही.

ट्रस्ट लागतो तो मिळकत हातात पडल्यावर ती सांभाळता येणार नाही असं माणूस घरात असेल तेव्हा. लहान मूल, अपंगत्व असलेलं मूल, स्मृती जात चाललेली आई, पैसा हातात टिकत नाही असा मुलगा. किंवा दुसरं लग्न झालंय आणि पत्नीला हयातभर घर मिळावं, पण तिच्यानंतर ते पहिल्या लग्नाच्या मुलांकडे जावं, अशी इच्छा असेल तर. मृत्युपत्रातूनही ट्रस्ट करता येतो. तो तुमच्या पश्चात सुरू होतो आणि हयात असेपर्यंत हवा तेव्हा बदलता येतो. पुष्कळांना खरं तर एवढंच हवं असतं.

डीडमध्ये कोणत्या गोष्टी नसतील तर ट्रस्टच होत नाही?

न्यास अधिनियमाचं कलम 6 पाहा. ट्रस्ट करण्याचा इरादा, त्याचा हेतू, लाभार्थी आणि मिळकत, या चारही गोष्टी पुरेशा स्पष्ट हव्यात. शिवाय मिळकत ट्रस्टीकडे हस्तांतरित व्हायला हवी. ट्रस्ट मृत्युपत्राने केला असेल किंवा न्यासकर्ता स्वतःच ट्रस्टी असेल, तर या हस्तांतराची अट नाही.

तयार नमुन्यांत ट्रस्टींच्या अधिकारांना सहा पानं असतात आणि लाभार्थ्यांना दोन ओळी. प्रमाण उलटं हवं. ट्रस्टीचे अधिकार डीडने सांगितले नाहीत तरी त्यातले बरेचसे कायदा सांगतो. तुमच्या मनातला लाभार्थी कोण, हे कायदा सांगू शकत नाही.

लाभार्थी म्हणून कोणालाही नेमता येतं का?

जो मिळकत धारण करू शकतो, असा कोणीही. कलम 9 एवढंच म्हणतं. म्हणजे आजच जन्मलेलं बाळ चालतं, मनोरुग्ण व्यक्ती चालते, कंपनी किंवा संस्थाही चालते. लाभार्थी सज्ञान असण्याची किंवा त्याने सही करण्याची गरज नाही. कुत्र्यामांजरांची सोय करायची इच्छा बरेच जण बोलून दाखवतात. ती लाभार्थी होऊ शकत नाहीत. त्यांना सांभाळणाऱ्या माणसाला लाभार्थी करून हेतू तसा लिहावा लागतो.

लाभार्थी नकारही देऊ शकतो. ट्रस्टीला तसं कळवलं की पुरे. म्हणून ‘त्याने नाकारलं तर कोणाला’ हे डीडमध्ये असू द्या.

लाभार्थीचं नाव डीडमध्ये कसं लिहायचं?

इथे घाई करू नका. कच्च्या मसुद्यात हमखास सापडणारं वाक्य असं असतं: ‘सदर ट्रस्टचे लाभार्थी म्हणजे माझी मुले व कुटुंबीय.’ वाचायला छान. आता हेच वाक्य वीस वर्षांनी एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांच्या वकिलांसमोर ठेवा. कुटुंबीय म्हणजे कोण? सून धरायची का? घटस्फोट झालेली सून? दत्तक मुलगी? डीड झाल्यावर जन्मलेलं मूल? मुलगा आधी वारला तर त्याची मुलं त्याच्या जागी येणार, की त्याचा हिस्सा उरलेल्या भावंडांत वाटला जाणार? सगळ्यांना सारखं, की गरजेप्रमाणे?

त्याऐवजी असं लिहा: ‘लाभार्थी क्रमांक 1: न्यासकर्त्याची थोरली मुलगी, तिचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पॅन. ट्रस्टच्या मिळकतीत व उत्पन्नात तिचा हिस्सा 60 टक्के. तिच्या पश्चात हा हिस्सा त्या वेळी हयात असलेल्या तिच्या औरस व दत्तक अपत्यांना समान. अपत्य नसल्यास लाभार्थी क्रमांक 2 यांना.’

रुक्ष वाटतं, पण यात कोण, किती आणि नंतर कोण या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आली. चौथा प्रश्न ‘केव्हा’ हा. उत्पन्न दरमहा द्यायचं की शिक्षणापुरतं, मूळ मिळकत कधी सुपूर्द करायची, हे लगेच पुढच्या परिच्छेदात घ्या.

काही बारीक गोष्टी. मुलीचं लग्नाआधीचं आणि नंतरचं, अशी दोन्ही नावं ‘उर्फ’ घालून लिहा. बँकेचे अर्धे हेलपाटे तिथेच वाचतात. ‘माझी पत्नी’ एवढंच लिहू नका, नाव लिहा, आणि लग्न मोडलं तर तिचा हिस्सा राहणार की जाणार, तेही लिहा. हे लिहायला कसंनुसं होतं, पण न लिहिल्याने प्रश्न टळत नाही. तिघांना सारखं द्यायचं असेल तर ‘प्रत्येकी एक तृतीयांश’ म्हणा. 33 टक्के लिहिलं की एक टक्का बेवारस राहतो. नोंदणीकृत दस्ताच्या नकला इतरांनाही मिळतात, म्हणून आधारचे शेवटचे चार अंक पुरेत.

प्रत्येकाचा हिस्सा आधीच ठरवावा, की ट्रस्टींवर सोपवावा?

दोन्ही चालतं. हिस्से डीडमध्ये ठरलेले असतील तर तो निश्चित हिश्शांचा ट्रस्ट. ‘या चौघांपैकी कोणाला किती ते ट्रस्टी ठरवतील’ असं असेल तर तो डिस्क्रिशनरी ट्रस्ट. चौघांची नावं तिथेही लागतातच, मोकळं असतं ते प्रमाण.

फरक सगळ्यात आधी जाणवतो तो आयकरात. हिस्से ठरलेले असतील तर सर्वसाधारणपणे प्रत्येक लाभार्थीच्या हिश्शावर त्याच्या दराने कर बसतो. हिस्से मोघम असतील तर ट्रस्टच्या उत्पन्नावर सहसा सगळ्यात वरच्या दराने कर लागतो. याला मोजके अपवाद आहेत, जसं की पूर्णपणे अवलंबून असलेल्या नातलगासाठी मृत्युपत्राने केलेला एकमेव ट्रस्ट. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याची जागा आयकर अधिनियम, 2025 ने घेतली. कलमांचे आकडे बदलले, पण हे सूत्र कायम आहे. पत्नीसाठी किंवा अज्ञान (18 वर्षांखालच्या) मुलांसाठी ट्रस्ट केला म्हणून कर वाचेल, असंही धरून चालू नका. ते उत्पन्न बहुतेक वेळा पत्नीच्या बाबतीत नवऱ्याच्या आणि मुलांच्या बाबतीत आईवडिलांच्याच उत्पन्नात मिळवलं जातं.

मग डिस्क्रिशनरी ट्रस्ट करतं कोण? कोणत्या मुलाला पुढे किती गरज पडेल याचा आज अंदाज नाही, असे पालक. किंवा ज्याच्या मागे देणेकरी (ज्यांचे पैसे त्याने द्यायचे आहेत ते) लागू शकतात असा लाभार्थी असलेलं घर, कारण ठरलेला हिस्साच नसेल तर त्यावर बोट ठेवणं अवघड जातं. जास्तीचा कर ही त्या मोकळेपणाची किंमत. ती परवडते का, हे सीएसोबत आकडे मांडून पाहा आणि मगच मसुद्याला हात घाला.

मुलगा 25 वर्षांचा झाल्यावरच पैसे मिळावेत, असं लिहिलं तर ते टिकेल का?

कसं लिहिलं त्यावर आहे. न्यास अधिनियमाचं कलम 56 म्हणतं की लाभार्थी एकटाच असेल आणि करार करण्यास सक्षम असेल, तर तो मिळकत आपल्या नावे करून मागू शकतो. कायद्यातच याचं उदाहरण दिलंय: सरकारी रोखे ट्रस्टींकडे आहेत, ‘अ’ 24 वर्षांचा होईपर्यंत व्याज साठवायचं आणि मग सगळी रक्कम त्याला द्यायची. ‘अ’ सज्ञान झाल्याबरोबर, म्हणजे 18 व्या वर्षीच, ती मागू शकतो. कारण त्या मिळकतीत दुसऱ्या कोणाचा हितसंबंधच नाही.

म्हणून 25 ची अट टिकवायची तर दुसऱ्या कोणाचा तरी खरा हितसंबंध आत असावा लागतो. उदाहरणार्थ, ‘25 वर्षे पूर्ण केली तरच त्याला मिळेल, त्याआधी मृत्यू झाल्यास बहिणीला.’ अनेक लाभार्थी असले तरी सगळे सज्ञान आणि एकमत झाले की ते मिळून मिळकत मागू शकतात, हेही लक्षात असू द्या. 18 होईपर्यंत शिक्षण, औषधपाणी, पालनपोषण यांवर खर्च करण्याचा अधिकार ट्रस्टीला कलम 41 देतं, तरी तो शब्दांत लिहिलेला बरा. कॉलेजची फी भरताना बँक डीड मागते, कलम नाही.

अजून न जन्मलेल्या नातवंडांना लाभार्थी करता येतं का?

येतं, मर्यादेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 ची कलमं 13 आणि 14 इथे आडवी येतात. आधी एखाद्या हयात व्यक्तीचा हितसंबंध ठेवावा लागतो, न जन्मलेल्या नातवाला उरलेली मिळकत पूर्ण द्यावी लागते आणि ती त्याची होणं त्याच्या सज्ञान होण्यापलीकडे लांबवता येत नाही. ‘मुलाला हयातभर, मग नातवाला हयातभर, मग पणतूला’ ही साखळी न जन्मलेल्या नातवापाशीच तुटते. वरच्या उत्तरातली 25 वर्षांची अटही न जन्मलेल्या नातवाला लावू नका.

विम्यात, बँकेत, डीमॅटमध्ये नॉमिनी लावलाय. तोच लाभार्थी ना?

नाही, आणि भावाबहिणींत तट पडायला हा गैरसमज पुरेसा होतो. नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा हात. ते पैसे कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने 14 डिसेंबर 2023 च्या निकालात हेच सांगितलं: नॉमिनी झाला म्हणून मालक होत नाही. विम्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांचा हक्क बळकट झाला आहे, तेवढा अपवाद. एखादी गुंतवणूक ट्रस्टमध्ये आणायची असेल तर नॉमिनी बदलून भागत नाही, ती ट्रस्टींच्या नावे करावी लागते.

विम्याच्या पैशांसाठी वेगळं डीड न करता ट्रस्ट होतो म्हणतात. खरं का?

खरं आहे. विवाहित स्त्रियांचा मालमत्ता अधिनियम, 1874, कलम 6. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर घेतलेली पॉलिसी पत्नी किंवा मुलांच्या नावे या कायद्याखाली घेतली, तर ती त्यांच्यासाठीचा ट्रस्ट मानली जाते आणि नवऱ्याच्या देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. पॉलिसी घेतानाच तसा फॉर्म भरायचा असतो. धंद्यासाठी कर्ज काढणाऱ्याने विमा एजंटला हा प्रश्न आवर्जून विचारावा. मात्र एकदा लाभार्थी लिहिला की पुढे मन बदललं म्हणून तो बदलता येत नाही.

मुलीला बौद्धिक अपंगत्व आहे. आमच्यानंतर तिचं कसं?

ट्रस्ट ज्यासाठी खरोखर उपयोगी पडतो, त्यातली ही पहिली परिस्थिती. ती हयात असेपर्यंत तिला एकमेव लाभार्थी करा आणि हेतूत नुसतं ‘कल्याण’ न लिहिता प्रत्यक्ष खर्च लिहा: राहण्याची जागा, मदतनीस, थेरपी, औषधं, सहली, नवे कपडे. हो, सहलीही. नाहीतर काटेकोर ट्रस्टी ‘याची तरतूद नाही’ म्हणेल आणि त्याचं फारसं चुकणारही नाही.

तिच्या पश्चात उरलेलं कोणाला, हे लिहिताना सावध राहा. तिला सांभाळणाऱ्यालाच ते मिळणार असेल, तर खर्च वाचवण्यात त्याचा फायदा असतो. पैसे सांभाळणारा ट्रस्टी आणि तिला सांभाळणारा पालक वेगवेगळे ठेवले तर एकमेकांवर लक्ष राहतं. 18 नंतरचा कायदेशीर पालक ट्रस्ट डीडने नेमता येत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते. तो अर्ज आईवडील हयात असतानाच केलेला बरा.

ट्रस्टी कोणाला करावं?

जो हिशेब ठेवेल आणि गरज पडली तर तुमच्या मुलांना ‘नाही’ म्हणू शकेल, त्याला. नात्यातला वडीलधारा म्हणून मान देण्याची ही जागा नव्हे. वय तुमच्याहून कमी असलेलं चांगलं. दोन किंवा तीन ट्रस्टी ठेवा. डीडमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर सगळ्यांनी मिळूनच वागावं लागतं, म्हणून बहुमताचं कलम घाला, म्हणजे एकजण परदेशात गेला तरी काम अडणार नाही. मानधन डीडमध्ये लिहिलं नसेल तर ट्रस्टीला ते मागता येत नाही. जागा रिकामी झाली तर नवा ट्रस्टी कोण नेमणार, हेही ठरवा. नाहीतर कोर्टाची पायरी. आणि आधी विचारा. ट्रस्टी होण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, पण एकदा होकार दिला की मनात आलं म्हणून अंग काढून घेता येत नाही. त्याला कोर्टाची, सगळ्या सज्ञान लाभार्थ्यांची किंवा डीडचीच मुभा लागते.

स्टँप ड्युटी आणि नोंदणीचं काय?

मिळकत स्थावर असेल तर डीड लेखी, सहीचं आणि नोंदणीकृत असलंच पाहिजे. सही झाल्यापासून चार महिन्यांत ते दुय्यम निबंधकाकडे दाखल करा. फक्त रोख, मुदतठेवी किंवा शेअर्स असतील तर नोंदणी सक्तीची नाही, पण करून घेतलेली बरी, कारण बँका नोंदणीकृत डीडवर पटकन विश्वास ठेवतात. मुद्रांक शुल्क महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे लागतं. नुसता ट्रस्ट जाहीर केला की त्याच दस्ताने फ्लॅटही हस्तांतरित केला, यावर रक्कम खूप बदलते. सहीआधी अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते मुद्रांक अधिकाऱ्याने ठरवून द्यावं यासाठी, अर्ज करून आकडा पक्का करून घेता येतो. मराठी डीड चालतं. ज्यांना ते पुढे वाचावं लागणार आहे त्यांना समजेल त्या भाषेत करा.

डीड नोंदवलं. काम संपलं का?

नाही. मिळकत ट्रस्टींच्या नावे झाली नसेल तर ट्रस्ट फक्त कागदावर आहे. ट्रस्टला कंपनीसारखं स्वतंत्र अस्तित्व नसतं, म्हणून नोंदी ‘अमुक ट्रस्टचे ट्रस्टी म्हणून’ व्यक्तींच्या नावे होतात. ट्रस्टचा पॅन काढा, बँक खातं उघडा, ठेवी आणि डीमॅट वळवा, सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नोंद करा, मिळकत पत्रिकेवर फेरफार घाला.

शेतजमीन असेल तर आधी थांबा. कुळकायद्याच्या कलम 63 मुळे बिगर-शेतकऱ्याच्या नावे ती परवानगीशिवाय जात नाही आणि ट्रस्टी शेतकरी नसेल तर फेरफार अडतो. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकतही एकट्याने ट्रस्टमध्ये घालता येत नाही.

कर्ज वाढलंय. घर ट्रस्टमध्ये टाकलं तर वाचेल का?

नाही. देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर त्यांना कोर्टातून रद्द करून घेता येतं.

पुढे लाभार्थी बदलता येतो का? ट्रस्ट रद्द करता येतो का?

मृत्युपत्राने केलेला ट्रस्ट हयातीत केव्हाही. डीडने केलेला ट्रस्ट रद्द करण्याचे मार्ग न्यास अधिनियमाच्या कलम 78 मध्ये मोजकेच आहेत: सगळे लाभार्थी सज्ञान असून त्यांची संमती असेल, किंवा रद्द करण्याचा अधिकार तुम्ही डीडमध्येच राखून ठेवला असेल. लाभार्थी बदलण्याचंही तसंच. तो अधिकार आधी लिहिलेला हवा, नंतर पुरवणी दस्त करून तो उगवत नाही. पण तो राखून ठेवला की ट्रस्टचं उत्पन्न तुमचंच धरलं जातं आणि देणेकऱ्यांपासूनचं संरक्षणही पातळ होतं. मिळकत दिली असंही हवं आणि हाताशी राहिली असंही हवं, हे जमत नाही.

लाभार्थ्यांना हे सगळं आधी सांगावं का?

लपवता येईल अशी आशा ठेवू नका. डीड पाहण्याचा, त्याची नक्कल घेण्याचा आणि हिशेब मागण्याचा लाभार्थीला हक्क आहे. सज्ञान लाभार्थ्यांना सहीआधी मसुदा वाचायला द्या. ‘माझं आडनाव चुकलंय’ पासून ‘मला हे घर नकोच, दादालाच द्या’ पर्यंत जे निघायचं ते मसुद्यावर निघालं तर पेनाने दुरुस्त होतं. डीडची मूळ प्रत ट्रस्टींकडे ठेवा, प्रमाणित नक्कल प्रत्येक सज्ञान लाभार्थीकडे, आणि अज्ञान मुलाची नक्कल अशा नातलगाकडे, जो स्वतः ट्रस्टी नाही.